खुलासा छापू नका

"मानधन नाय. एक कप चहा आनि अंकाची एक कॉपी," हमीदभाई म्हणाले. "एवढ्यावर लिहिणारे मिळतील का ताई?"

"मिळणार नाहीत," मी सांगून टाकलं.

हमीदभाईंचा रोह्याला छापखाना होता. लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं यांवर तो झकास चालला होता. धाकटा भाऊ कुवेतला. घरात कशाला काही कमी नव्हतं. पण नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं आणि या गृहस्थांच्या डोक्यात साप्ताहिक शिरलं. मी मुंबईला एका दैनिकात सबएडिटर होते. सबएडिटर म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं नीटनेटकं करायचं, मथळा द्यायचा आणि नाव त्याचंच ठेवायचं. लग्न होऊन पेणला आले तेव्हा हे कौशल्य इथे कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. हमीदभाईंना कुठून कळलं कोण जाणे, पण त्यांनी मला बोलावून नोकरी दिली. त्याबद्दल मी आजही त्यांचं नाव आदराने घेते.

पेणच्या एसटी स्टँडसमोर, फोटो स्टुडिओच्या वर आमचं ऑफिस. मंगळवारी दुपारी मी सगळी कॉपी, म्हणजे छापायचा मजकूर, एका पाकिटात घालून रोह्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायची. वडखळ, नागोठणे करत पाकीट रोह्याला पोचायचं. ती आमची डेडलाइन. गाडी चुकली तर अंक चुकला.

बातम्यांचं जमत होतं. घोडं अडलं होतं ते 'आपलं पान' या पानावर. हमीदभाईंची कल्पना अशी, की या पानावर पेणपासून रोह्यापर्यंत कुणीही, काहीही लिहावं. अट एकच, खाली खरं नाव हवं. पान रिकामं राहिलं तर तिथे साडीच्या दुकानाची जाहिरात जाणार होती आणि माझं निम्मं काम त्या साडीखाली झाकलं जाणार होतं.

पण लिहिणारे आले. फुकटात आले. नागोठण्याच्या कंपनीत नाइट शिफ्ट करणारा एक फिटर कविता घेऊन आला. निडीच्या एका सासूबाईंनी तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोड बोरांची कृती पाठवली आणि खाली लिहिलं, 'सूनबाईने वाचावी.' रोह्याच्या निवृत्त हेडमास्तरांना नगरपालिकेशी जुना हिशेब चुकता करायचा होता, तो ते दर आठवड्याला गटाराच्या निमित्ताने करत. एक मुलगी लिहून द्यायची, पण अंक घरच्या पत्त्यावर मागायची नाही, थेट दुबईला नवऱ्याला पाठवा म्हणायची. मी निष्कर्ष काढून मोकळी झाले. माणसाला छापलेलं स्वतःचं नाव बघायचं असतं, मग पैसे नसले तरी चालतं. हमीदभाईंना तसं ऐकवलंसुद्धा.

तेवढ्यात नारायण म्हात्रे आला.

पन्नाशीचा असेल. मिठागरात राबणारा, त्यामुळे पायाला भेगा, पण अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. बस म्हटलं तरी बसेना. शाळेच्या वहीचे दोन कागद पुढे केले.

"मॅडम, ह्ये छापाल?"

त्याचं गाव वडखळच्या पलीकडे, खारेपाटात. खारेपाट म्हणजे खाडीला मातीचा बांध घालून मिळवलेली भाताची जमीन. बांधात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर सोडायचं, भरतीचं आत येऊ द्यायचं नाही. नारायणाच्या आणि शेजारच्या गावाची उघाडी सामाईक. गावांची खरी नावं सांगत नाही. वरचं गाव आणि खालचं गाव म्हणू. नारायण वरच्या गावचा. उघाडी कुणी कधी उघडायची यावरून दोन्ही गावांचं वाजलं आणि वरच्या गावच्या पंचाने येणंजाणं बंद केलं. लग्नं नाहीत, मयताला जाणं नाही. खालच्या गावात दिलेल्या मुलींनी माहेरीही यायचं नाही.

मग एका उधाणाला वरच्या गावाचा बांध फुटला. खारं पाणी शेतात घुसलं की पुढची काही वर्षं भात विसरायचा. गाव मातीच्या पाट्या घेऊन धावलं, पण माणसं कमी पडत होती. तेव्हा खालच्या गावची माणसं न बोलावता आली, यांच्या खांद्याला खांदा लावून बांध घातला आणि पाण्याचा घोटही न घेता निघून गेली. पंच समोर उभा होता, म्हणून त्यांच्याशी कुणी शब्द बोललं नाही.

नारायणाने हे सगळं लिहिलं होतं, फक्त पंचाचा उल्लेख कुठे केला नव्हता. शेवट असा होता: 'आमची शेती तुम्ही वाचवली. तेव्हा आमचं तोंड उघडलं नाही, म्हणून इथे लिहितो. तुमचे उपकार आहेत.' खाली सही, नारायण म्हात्रे.

मला त्यात एक काना-मात्रा बदलावीशी वाटली नाही. सबएडिटरच्या आयुष्यात असं क्वचित होतं.

"नावाने छापायचं? गाव तुम्हाला वाळीत टाकेल," मी म्हणाले.

"टाकंल."

"टोपणनाव घालू या. पानाची अट मी बघून घेते."

"नाय मॅडम. बिननावाचे आभार कोन घेतो?" त्याने कागद माझ्याकडे सरकवले. "आई थकली माजी. डोल्यांना कमी दिसतं. दिसतंय तवर पोरीला बगू दे, म्हनते. पोर म्हंजे माजी बहीन. खालच्या गावात दिलीय."

मी रोह्याला फोन लावला. सगळं ऐकून हमीदभाई म्हणाले, "ताई, त्या गावात अंक जाळतील."

"विकत घेऊनच जाळतील ना?"

"हां, तेही हाय." मग त्यांचा आवाज उतरला. "पन त्या मानसाचं काय?"

"दोनदा विचारलं त्याला. तो ठाम आहे."

"मग छापा. आनि तो अडकला तर माज्याकडं पाठवा. छापखान्यात काम देतो."

अंक निघाला. पुढचे काही दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. फोन वाजला की मी धावत जाऊन उचलायची. आठवड्याच्या शेवटी वडखळच्या पेपरवाल्याचा फोन आला. आणखी अंक पाठवा म्हणे, खालच्या गावची माणसं मागतायत.

"का हो?"

"का म्हंजे? वरच्या गावच्या पंचाने पेपरात त्यांचे आभार मानले!"

"पंचाने? पंचाचं नाव काय?"

"नारायण म्हात्रे. तुमीच छापलंय की."

मी डोक्याला हात लावला. या गावांत अर्धं गाव एका आडनावाचं, आणि आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. त्यामुळे एका नावाची तीन-चार माणसं सहज निघतात. गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकाला घराचं नाव चिकटलेलं असतं. आमचा नारायण 'चिंचेखालचा', पंच 'मोठ्या ओटीवरचा', हे मला पेपरवाल्याला खोदून विचारल्यावर कळलं. बोलताना कुणी चुकत नाही. पण नारायणाला वाटलं, पेपरात छापून यायचंय तर चिंच कशाला? त्याने आपलं शाळेच्या दाखल्यावरचं चांगलं नाव लिहून दिलं.

मी लगेच खुलासा लिहायला घेतला. खुलासा म्हणजे छापलेल्यात गफलत झाली की पुढच्या अंकात, शक्यतो कुणाच्या नजरेत भरणार नाही अशा कोपऱ्यात, छापायचा चार ओळींचा मजकूर. हा मात्र मी पहिल्या पानावर घेणार होते. वाळीत पडायची तयारी ठेवून ज्याने लिहिलं, त्याचं श्रेय दुसऱ्याला, तेही त्या पंचाला? माझं डोकं तापलं होतं.

मंगळवारी पाकीट बंद करणार तोच नारायण जिना चढून आला. मी त्याला तोंडच उघडू दिलं नाही. "काळजी करू नका, खुलासा तयार आहे. हा लेख चिंचेखालच्या नारायण म्हात्रे यांचा आहे, असं स्पष्ट छापते."

"मॅडम, त्येच सांगाया आलोय. छापू नका."

"अहो, पण लेख तुमचा आहे!"

आज तो बसला. म्हणाला, "खालच्या गावचे म्हातारे नारल घेऊन आले ना पंचाच्या ओटीवर. म्हनाले, तुमी पेपरात लिवलंत, आमचा राग गेला. पंचाने पेपर हातात घेतला. समदा वाचला. खाली आपलंच नाव. आमी दारात उभे होतो सगले. माज्याकडं बगितलंन त्याने. त्याला कललं कोनी लिवलंय ते."

"मग?"

"मग आत वलून म्हनाला, च्या ठेवा गो, पावनं आलेत."

मी पेन खाली ठेवलं.

"आता तुमी खुलासा छापलात तर त्याला म्हनावं लागंल, मी नाय लिवलं. मग त्या नारलांचं काय? तो परत वाट बंद करील. नाव राहू दे त्याचं. माजी बहीन काल आली घरा. आई तिच्या तोंडावरून हात फिरवीत बसलीय. सोडीतच नाय तिला."

हे सांगताना त्याचे डोळे भरले, आणि लपवून काय उपयोग, माझेही. खाली रोह्याच्या गाडीने हॉर्न दिला. मी खुलाशाचा कागद पाकिटातून काढला, फाडला आणि धावत जाऊन पाकीट ड्रायव्हरला दिलं. परत आले तर नारायण निघायच्या तयारीत होता. मी जबरदस्तीने चहा मागवला, कारण मानधन तेवढंच होतं. त्याने तो बशीत ओतून प्यायला, मला हात जोडले आणि गेला. हात मी जोडायला हवे होते.

संध्याकाळी हमीदभाईंना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं ताई, आपन मानधन देत नाय. नायतर व्हाउचरवर सही कुनाची घेनार होतो?"

साप्ताहिक पुढे पुष्कळ चाललं. नावासाठी लिहिणारे खूप भेटले आणि त्यांनीच माझं पान भरलं, त्यांचे आभार आहेतच. नारायणाने पुन्हा एक ओळही पाठवली नाही. त्याचं काम झालं होतं. तेव्हापासून नव्या लेखकाला तुला काय हवंय, असं मी आधीच विचारून घेते. छापलेली चूक दुरुस्त करायच्या आधी तर नक्कीच.