विंझरच्या घराचं छत

भाचीला विंझरचं स्थळ आलं. मुलगा तिला पसंत होता, राहिलं होतं फक्त घर बघायचं. त्यासाठी भावानं मला पुढं घातलं. का, तर मी संशयी! असू दे. नांदायचं पोरीला असतं, म्हणून मी चार ठिकाणी डोकावते.

घराच्या भिंतींना बाहेरून साधा गिलावाही नव्हता. आणि हॉलमध्ये वर बघते तर काय, चौकोनी खोलगट खणांचं छत, प्रत्येक खणाला नक्षीची कड, आत पिवळा दिवा! मुलाचे वडील म्हणाले, “ह्याला कॉफर्ड सीलिंग म्हणत्यात, ताई. पुण्याची मानसं आणून बसवलं.”

भाऊ खूश. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. विंझर वेल्ह्याकडचं, तिथला पाऊस कसा झोडपतो, हे काय मला माहीत नाही? इकडं घर बघायला गेलं की आधी वर बघतात, पोहे नंतर. आणि इथं नेमकं वरचंच झाकलेलं.

“स्लॅब गळतो का हो?” मी सरळ विचारलं.

“छ्या! एक थेंब न्हाई.”

“मग एखादा दिवा काढून दाखवा की.”

“आता त्ये कसं निघंल? पक्कं बसवल्यालं हाय,” ते म्हणाले. आवाज चढला होता. भावानं मला कोपर मारलं, पण मी कुठली ऐकते!

तेवढ्यात मुलगा उठला, स्टुलावर चढला आणि त्यानं एक दिवा खाली ओढला. भोकातून मी मोबाईलची बॅटरी मारली. वर स्लॅब काळा पडलेला, गंजक्या सळया उघड्या.

“गळतंय, आत्या,” तो म्हणाला. “लगीन हुईस्तवर झाकू, असं आबांचं म्हननं.”

वडिलांची मान खाली गेली. मला तर जोरच चढला. “बघा! आणि हे माझ्या पोरीला कधी कळणार होतं? पहिल्या पावसात?”

“तिला कवाच सांगितलंय म्या,” तो हळूच म्हणाला. “तीच म्हनली, आत्याला तेवढं कळू देऊ नका, ती स्थळ मोडंल.”

फार लागलं ते. जिच्यासाठी मी घराघरात वाकून बघत फिरत होते, ती पोर मलाच भ्याली होती.

सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसलेले. मी भावाला म्हटलं, “सुपारी फोडा. मला काही विचारू नका.”