बरणीखालचा दिवा

मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका शाळेत मी सतरा वर्षं चौथीचा वर्ग घेतला. भुताखेतांचा मला भारी राग. अमक्या आंब्याखालून जाऊ नये, तमक्या डोहात हात घालू नये, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. मुलांच्या मनातली ही जळमटं काढायची तर त्यांच्या हातांना काम द्यावं, म्हणून मी प्रयोग करून घ्यायची. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवायचं, भरलेल्या पेल्यावर कागद धरून पेला उलटा करायचा. शेवटी माझं ठरलेलं वाक्य असायचं, घरी करून बघा. आया मला बाजारात गाठून म्हणायच्या, "बाई, तुमच्या विज्ञानापायी घरात एक पेला धड नाय राहिला." मला त्यात कौतुकच ऐकू यायचं.

दिव्याचा प्रयोग सगळ्यांचा लाडका. ताटात कुंकू कालवलेलं पाणी, मधोमध पेटती पणती, आणि वरून काचेची बरणी उपडी घालायची. ज्योत बारीक होते, विझते, आणि लाल पाणी आपोआप बरणीत चढतं. का चढतं, असं मुलांनी विचारलं तेव्हा मी ऐटीत सांगून टाकलं, "आतली हवा जळून गेली, जागा रिकामी झाली. रिकामी जागा तशीच राहत नाही. ती भरायला कुणीतरी येतंच." ‘काहीतरी’ म्हणायला हवं होतं. मी ‘कुणीतरी’ म्हणाले.

त्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीची आजी गेली. ही पोर आजीच्या कुशीत झोपणारी. आमच्याकडे माणूस जिथे गेलं तिथे दहा दिवस दिवा ठेवतात. तो विझू द्यायचा नाही. विझला तर गेलेलं माणूस अंधारात अडकतं असं धरतात. दिवा राखायचं काम सुनेकडे, म्हणजे या मुलीच्या आईकडे होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले. दिवा सकाळी विझला होता. मुलीचा आजोबा ओटीवर बसून, सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होता, "जिती होती तवा हिचं नि तिचं पटलं नाय. आता मेल्यावर पन म्हातारीला काळोखात ठेवली."

मी आत गेले. दिवा पुन्हा लावलेला होता. खालच्या पितळी ताटाच्या कडेला लाल रेघ वाळली होती. दुसऱ्या कुणाला ते पूजेचं कुंकू वाटलं असतं. पण कोपऱ्यात चहापत्तीची रिकामी बरणी होती, आणि तिलाही आतून कुंकू लागलं होतं. मुलगी दाराआड उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती.

मी ओटीकडे वळले तोच तिच्या आईने माझा हात धरला आणि मला मागच्या परसात नेलं.

"तुमाला कळलं ना?" तिने विचारलं.

"कळलं. मी सांगते त्यांना. चूक माझी आहे."

"नाय सांगायचं. मी बघितली तिला, बरणी घालून बसलेली. म्हनते आजी येनार वर. बाई म्हनल्या, कुनीतरी येतंच."

"मी तिला सांगितलंय, तुझी बरणी मी काढली, लगीच दिवा परत लावला, ते विझनं धरायचं नाय, मंग तो माझ्या हातून विझला. तिला तसंच वाटू दे. आजीचा दिवा विझवला हे पोरीच्या मागं लागलं तर जन्मभर सुटनार नाय. माझ्या मागं लागू दे. मला बोलनी खायची सवय हाय."

मी मान डोलावली. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

त्यानंतर त्या घरात त्या सुनेला दिव्याला हात लावू दिला नाही. तुळशीपुढचा नाही, दिवाळीतला नाही. पुढे शहापूरला एका प्रशिक्षणात मला कळलं की मी सांगितलेलं कारणच चूक होतं. ज्योतीने तापलेली हवा फुगते, थोडी बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते, आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. आतून कुणी बोलावत नाही. पुढच्या प्रत्येक वर्गाला मी हे नीट शिकवलं. त्या एका मुलीला सांगायचं राहिलं, कारण तिला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. बरणी उपडी घालताना आता काचेपलीकडे ती म्हातारी ताटकळत उभी आहे असं वाटतं. मी तिला जिवंतपणी एकदाही पाहिलं नव्हतं. भुतांवर चिडणाऱ्या बाईची ही गत.

यंदा त्या मुलीचं लग्न झालं. बी.एस्सी. झाली आहे, वाशिंदला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. हळदीला मी गेले होते. ओवाळायचं तबक आत्याच्या हातात होतं. पाहुण्यांतली एक बाई, तिला काही ठाऊक नसावं, म्हणाली, "आईला द्या ना तबक, पयला मान तिचा." आई दोन पावलं पुढे आली. तिचे हात उचललेही गेले होते.

नवरी हसली. अगदी मायेने म्हणाली, "नको गो आई, तू राहू दे. आज तरी दिवा विझायला नको."

कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आईने हात मागे घेतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. मी उठत होते, ती परत खाली बसले. आत्याने ओवाळलं. ज्योत शेवटपर्यंत जळत राहिली, आणि लेक आईकडे वळून म्हणाली, "बघितलंस?"