मी पण हसले

जर्सी वाटायचा कार्यक्रम होता. मैदानाच्या कडेला टेबल, त्यावर घडी घातलेल्या नव्या जर्सी. संघाचे अध्यक्ष एकेकीचं नाव घेत होते. मुली पुढं जायच्या, जर्सी घ्यायच्या, त्यांच्या पाया पडायच्या. माझं नाव सगळ्यात शेवटी आलं. तोवर टेबल रिकामं झालं होतं. त्यांनी खालून पाण्याच्या बाटल्यांची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली.

"म्हातारा बैल दावणीला बांधून कोण वैरण घालतंय? पण आम्ही घालतोय की. पोरींना पाणी द्या."

सगळे हसले. मी पण हसले.

बैल म्हटल्याची लाज नाही वाटत. त्या हसण्याची वाटते. आजही.

सोळा वर्षं मी या फुटबॉल संघाची सेंटर हाफ. मधोमध उभं राहायचं, येणारा चेंडू अडवायचा, पुढं द्यायचा. आता वय सदतीस. डावा गुडघा जिना उतरताना दुखतो. मी हळू झालेय, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण माझी जागा गेली ती अध्यक्षांच्या पुतणीला. तिची निवड कधी झाली, कुणी केली, कुणालाच माहीत नाही. मैदान त्यांच्या संस्थेचं, स्पर्धेला न्यायची गाडी त्यांची. मी उचगावच्या एका वर्कशॉपात नटबोल्ट पॅक करणारी बाई. अध्यक्ष मला बैल म्हणाले तेव्हा कोच शेजारीच उभे होते. ते वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. ती सुटलेली नव्हती.

चार महिने मी बाटल्या वाहिल्या. जर्सी घरी नेऊन धुतल्या. माझा सहा नंबर आता पुतणीच्या पाठीवर. तो मीच पिळला, मीच दोरीवर टाकला. पाहुणे आले की अध्यक्ष हाक मारून दाखवायचे, ही आमची एकेकाळची स्टार. मी बाटल्या खाली ठेवून नमस्कार करायची. नवऱ्याला सांगितलं होतं, अजून खेळते.

संघात कबनूरची एक मुलगी होती. वडील यंत्रमागावर कामाला. एका सामन्यात ती बाहेर बसली होती. पाणी प्यायली आणि बाटली परत देताना हळूच म्हणाली, "ताई, त्यादिवशी तुम्ही का हसला?"

मी बाटली पिशवीत ठेवली.

"तुम्ही हसला, मग आम्हाला वाटलं, असंच असतंय."

त्या रात्री जेवण गेलं नाही. मला वाटत होतं अपमान माझ्या एकटीचा आहे. गिळला की संपला. पण मी तो पंधरा पोरींना शिकवत होते.

पुढच्या मोसमाआधी ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. अध्यक्षांनी कागद पुढं सरकवला. गुडघ्याच्या दुखण्यामुळं मी स्वखुशीनं निवृत्त होत आहे, असं त्यावर टाईप केलं होतं. शाल, श्रीफळ तयार होतं. फक्त सही हवी होती.

"सही करत न्हाय," मी म्हणाले. "उघड्यावर ट्रायल घ्या. सगळ्यांची. तुमच्या पुतणीची बी."

"आणि हरलीस तर?"

"हरलो तर जातो की. पण कुणीतरी पळून मला हरवाय पायजे."

कबनूरची मुलगी उठून माझ्या मागं उभी राहिली. मग आणखी दोघी. मग सगळ्याच. कोच खाली बघत म्हणाले, "रविवारी घेऊ."

रविवारी मी पळाले. गुडघ्यातून कळ डोक्यात जात होती. सेंटर हाफची जागा कबनूरच्या मुलीनं घेतली. खरोखरची घेतली. माझं नाव यादीत आलं नाही. पुतणीचंही नाही. अध्यक्ष गाडीत बसून निघून गेले.

जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. जे चार महिने मान खाली घालून घालवले, ते कुठल्याच ट्रायलनं परत मिळत नाहीत.

पण ट्रायल आता दरवर्षी उघड्यावर होणार. पुढच्या वर्षी मीही पळणार. गुडघ्यानं नकार दिला तर घड्याळ घेऊन रेषेवर उभी राहणार. बंद खोलीत यादी केली, तर त्या खोलीच्या दारात बसणार. मला संघातून काढायचं तर काढा. मैदानात काढा, सगळ्यांदेखत.