निऱ्यांमधला डाग

हे मी आजवर कोणालाच पूर्ण सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आमच्या विकणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच. एका घरी जाऊन सांगितलं, पण तिथेही जीभ चाचरत होती — निम्मं त्यांनीच काढून घेतलं. तुम्हाला सगळं सांगते. ऐका.

मी बोरिवली पूर्वेला राहते. लहान मुलींसाठी नाचाचे कपडे शिवते — शिवलेली नऊवारी, कोळी लुगडी, परकर-पोलकी — आणि एका अ‍ॅपवर विकते. खिडकीशी मशीन, सोफ्यावर कापड, जेवायला बसायच्या आधी सगळं उचलायचं, असं आमचं घर. सासूबाई मालवणच्या. त्या होत्या तोवर म्हणायच्या, "ह्या घरात माणसांपरास लुगडीच जास्ती."

शाळांची गॅदरिंगं जवळ आली की ऑर्डरींवर ऑर्डरी. आणि गॅदरिंगं उरकली की पार्सलं परत. कारण काय, तर "साइज बसला नाही." पार्सल उघडलं की घामाचा वास येतो. गळ्याला फाउंडेशन, काखेत पावडरचे पट्टे. एकदा तर कमरेला सेफ्टी पिना तशाच होत्या. साइज बसत नव्हता, तर पिना लावून नाचली कोण? पण अ‍ॅपवाल्यांकडे तक्रार केली की ठरलेलं उत्तर यायचं — ग्राहकाचं कारण ग्राह्य धरलं आहे. संपलं. कपडा तुमचा, धुवा आणि ठेवा.

आम्हा बायकांच्या ग्रुपवर रोज हेच. कोणाला खोक्यातून जुनी चप्पल परत आलेली, कोणाच्या गिऱ्हाइकाने पार्सल हातात घेऊन "मिळालंच नाही" म्हटलेलं. आम्ही एकमेकींना उपाय सांगायचो. पॅक करताना व्हिडिओ काढ गं. टॅग अशा जागी लाव की घातल्यावर दिसलाच पाहिजे. भांडायला घाबरू नकोस.

बघा — मी अजून गिऱ्हाइकांबद्दलच बोलतेय. स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की मी अशीच दुसऱ्या गल्लीत शिरते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक हिरवं कोळी लुगडं पोलक्यासकट परत आलं. घडी उलगडली तर आतून मोगऱ्याच्या सुकलेल्या पाकळ्या पडल्या, आणि खालच्या निऱ्यांवर पायाला लावायच्या आलत्याचा लालभडक डाग. कोणाची तरी मुलगी त्यात मनसोक्त नाचली होती. मी फोटो काढले, तक्रार केली, ती फेटाळली गेली. त्या दिवशी मी इतकी रडले — रागानेच. काठ लावताना मान दुखून आली होती, ते सगळं आठवत राहिलं.

मग मी ते लुगडं लिंबू लावून घासलं. आलता सहज जातो का? लाल रंग गेला, फिकट तांबूस राहिला. निऱ्या अशा घातल्या की डाग आत गेला. इस्त्री केली. नवी पिशवी, नवा टॅग. आणि पुढची ऑर्डर आली तेव्हा ते पाठवून दिलं.

घाईत चुकून गेलं असेल, असं तुमच्या मनात येत असेल. नाही. शेल्फवर नवी लुगडी होती. मी मुद्दाम हेच उचललं. मला एकीने फसवलं ना — मग कोणीतरी ते भरून द्यायचं. कोणीही.

ते कोणीही म्हणजे मुलुंडच्या वृषाली. तेव्हा मला फक्त नाव आणि पत्ता माहीत होता. पार्सल मिळालं त्याच संध्याकाळी त्यांनी एक स्टार दिला, डागाचा फोटो टाकला आणि लिहिलं — कपडा वापरलेला आहे, पोलक्याला घामाचा वास आहे, मुलीचं गॅदरिंग दोन दिवसांवर आलंय, कृपया लगेच बदलून द्या.

बदलून देता आलं असतं ना? माणूस पाठवून दुसऱ्या दिवशी पोचतं केलं असतं. पण मला दिसला तो एक स्टार. रेटिंग घसरलं की अ‍ॅप आपलं दुकान मागे ढकलतं, कोणाला दिसतच नाही. त्यातच लोकांना कळलं की मी वापरलेलं विकते, तर? आणि मी काय केलं — त्याच लुगड्याचा, पहिल्यांदा शिवून झाल्यावर काढलेला स्वच्छ फोटो माझ्या फोनमध्ये होता. तो पुरावा म्हणून अ‍ॅपला दिला. पाठवण्यापूर्वीचा फोटो, बघा, डाग कुठे आहे? अ‍ॅपने माझं ऐकलं. कधी नव्हे ते माझं ऐकलं! त्यांचा परतावा नामंजूर झाला.

तिथे थांबले असते तरी एक वेळ... नाही, तरीही ते वाईटच होतं. पण मी थांबलेही नाही. त्यांच्या रिव्ह्यूखाली सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहिलं. ते शब्द मला पाठ आहेत. "ताई, मुलीला घालून नाचवायचं आणि मग वापरलेलं आलं म्हणून परत करायचं, ही सवय बरी नव्हे. आईच असं वागली तर मुलगी काय शिकणार?"

हे लिहिताना मला लाज वाटली नाही. उलट बरं वाटलं. इतक्या दिवसांचा राग कुठेतरी पोचला, असं वाटलं. ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट फिरला. झकास गं, असंच पाहिजे! लाल बदामाचे इमोजीच इमोजी. मी ते पुन्हा पुन्हा वाचले.

त्यानंतर मी ते विसरले का? नाही. हिरवं कापड कापताना आठवायचं, मग मी रेडिओचा आवाज वाढवायची.

ह्या डिसेंबरात ग्रुपवर प्रणाली नावाची एक मुलगी आली. गोरेगावची, पोरीला मांडीवर घेऊन बाळांचे कपडे शिवणारी, धंद्यात अगदी नवी. तिने विचारलं, गिऱ्हाईक म्हणतंय झबल्यावर डाग आहे, काय करू? कोणीतरी लगेच माझा तो जुना स्क्रीनशॉट टाकला. "असं उत्तर द्यायचं. ताईंकडून शिक."

प्रणालीने मला फोनच केला. "ताई, तुमचं वाचलं. जबरदस्त लिहिलंय. पण मला एक सांगा ना — तिचं खरं असलं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्याकडूनच लागला असेल डाग. बाळ असतं ना मांडीवर. तुम्हाला कसं कळलं होतं, ती बाई खोटं बोलतेय म्हणून?"

कुकर झालाय, असं काहीतरी म्हणून मी फोन ठेवला.

त्या दुपारी मी ते जुनं उत्तर काढून टाकलं. त्या जागी लिहिलं, "नजरचुकीने वापरलेला कपडा पाठवला गेला होता. क्षमस्व." वाटलं, झालं, सुटले. रात्री जेवताना तो शब्द पुन्हा आठवला. नजरचुकीने? हेही खोटंच की! माफी मागतानासुद्धा मी खोटं बोलले होते.

रविवारी मी मुलुंडला गेले. पत्ता जुन्या ऑर्डरीत होता. पिशवीत एक नवं लुगडं घेतलं होतं, मोठ्या मापाचं. बसमध्ये ते मांडीवर धरून बसले आणि वाटलं, हे काय चाललंय माझं? हे देऊन काय होणार आहे? ते मी शेवटपर्यंत पिशवीतून बाहेर काढलंच नाही. तसंच परत आणलं.

वृषाली मटार सोलत बसल्या होत्या. दुकानाचं नाव सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा बंद झाला — दार लावावं तसा. तरी म्हणाल्या, "या, बसा." मी उभीच राहिले. सांगायला सुरुवात केली. घसरत, अडखळत.

"म्हणजे ते परत आलेलं लुगडं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तुम्हाला ते माहीत होतं?"

"हो."

"ते माझ्याबद्दल लिहिलंत, तेव्हासुद्धा?"

"हो. धुताना, पाठवताना, लिहिताना... सगळा वेळ माहीत होतं."

त्यांनी हातातली शेंग ताटात ठेवली. "माझ्या सानिकाच्या वर्गातल्या आयांनी वाचलं ते. तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण कुठलाही ड्रेस घातला की विचारायच्या, हा परत नाही ना करायचा? आणि हसायच्या. मी पण हसायचे. काय करणार? आणि गॅदरिंगला माझी पोर शेवटच्या रांगेत, दुसऱ्याच रंगाची साडी गुंडाळून. त्यानंतर नाच नको म्हणते ती."

 

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. "मग तो सॉस नव्हता?"

दहा-अकरा वर्षांची मुलगी. लांब वेणी, पायात मोजे. ती कधीपासून तिथे उभी होती, आम्हाला दोघींनाही कळलं नव्हतं.

"कसला सॉस गं?" वृषालींनी विचारलं.

सानिका आईकडे न बघता बोलायला लागली. "तू ऑफिसमधून यायच्या आधी मी पार्सल उघडलं होतं. घालून पण बघितलं. हातात सॉसवाली फ्रँकी होती. मग तू तो डाग दाखवलास ना, मला वाटलं माझाच आहे. तू ओरडशील म्हणून बोलले नाही. आणि मग ह्यांनी लिहिलं की आपण वापरून परत करतोय... मला वाटलं, बरोबरच आहे. मी घातलं होतंच. माझ्यामुळे तुला खोटारडी म्हणाले सगळे."

"म्हणून नाच सोडलास?"

ती नुसती खांदे उडवून उभी राहिली. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

वृषाली ताटासकट उठल्या. मटार सगळीकडे. त्यांनी तिला जवळ ओढलं, "अगं वेडे, दोन वर्षं? दोन वर्षं हे घेऊन बसलीस होय?" असं काहीतरी म्हणत राहिल्या — तिच्या केसांतच तोंड खुपसून.

मी एकीला त्रास दिला, असंच आजवर धरून चालले होते. तिथे तर दोघी होत्या. आणि त्यातली एक नऊ वर्षांची असताना माझं खोटं स्वतःचं पाप समजून सांभाळत बसली होती. हे मला कधी कळलंच नसतं. मी गेलेच नसते, तर कोणालाच कळलं नसतं.

मी सानिकाला म्हटलं, "तो डाग आलत्याचा होता. तुझा नव्हता. मी तो आधीच बघितला होता. तुझी आई खरं बोलत होती. खोटं मी बोलले."

तिने नाक पुसलं. मग म्हणाली, "म्हणजे त्यात कोणीतरी आधी नाचलं होतं?"

"हो."

"निऱ्या सुटत नाहीत का मग? आमच्या बाई सांगत होत्या, वल्हं मारायच्या स्टेपला खाली बसलं की सुटतात."

"नाही सुटत. कमरेला आतून इलास्टिक असतं. आणि निऱ्या शिवलेल्या असतात."

"खाली बसून गोल फिरलं तरी?"

"तरी."

तिने मान डोलावली, अगदी गंभीरपणे. आईने तिच्याकडे पाहिलं. नाच नको म्हणणारी मुलगी निऱ्यांचं विचारतेय, हे वृषालींना कळलं असावं. मलाही कळलं.

मग वृषाली मला म्हणाल्या, "आता तुम्ही निघा. मला तुमच्याशी गोड बोलायला जमणार नाही." आवाज चढलेला नव्हता. मी निघाले. चपला घालताना मागे दोघींचं मटार गोळा करणं चाललं होतं. एक दाणा कपाटाखाली गेला म्हणून सानिका जमिनीवर आडवी झाली होती, आणि "अगं फ्रॉक मळेल!" म्हणता म्हणता तिची आई हसायला लागली होती. लिफ्टपर्यंत ते ऐकू येत होतं.

घरी येऊन मी त्या रिव्ह्यूखालचा "नजरचुकीने" हा शब्द काढला. "माहीत असून" लिहिलं. ग्रुपवर एकीने विचारलं, तुझं अकाउंट हॅक झालंय का गं? मी नाही म्हटलं. दोघी-तिघी बोलेनाशा झाल्या आहेत. प्रणालीने मात्र तिच्या गिऱ्हाइकाला दुसरं झबलं पाठवलं. तिने शिवलेली झबली ठेवायची आपली पिशवी तपासली, तर आतल्या बाजूला काजळ सांडलेलं होतं. ती हसत सांगत होती, बाळाचंच काजळ, यार.

वापरलेले कपडे अजून परत येतात. परवाच एक आलं, काखेत घामाचे डाग. राग आला. मी त्या डागाचा जवळून फोटो काढला आणि पेजवर टाकला — वापरलेलं आहे, डाग इथे आहे, ज्यांना चालेल त्यांनी घ्यावं. संध्याकाळपर्यंत गेलं. विरारच्या कोणा बालवाडीच्या बाईंनी घेतलं. मुलं शेणा-मातीत लोळतात, डागाचं काय घेऊन बसलात, म्हणाल्या.

मुलुंडच्या त्या घरातून पुढे काही कळलं नाही. मी विचारलं नाही. विचारणारही नाही. नऊ वर्षांच्या मुलीच्या आईबद्दल मी ते लिहिलं, खरं काय ते माहीत असताना लिहिलं, आणि शाबासकी घेतली. ते मी केलं.