डेमोचं बटण

कीबोर्डचं स्टार्ट-स्टॉपचं बटण गेलं ते भोईवाड्यात ऑर्केस्ट्राच्या तालमीत, सगळ्यांच्या देखत. मी दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. मग अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत दाबून धरलं. तरीही ढोलक नाही, बास नाही. गायिका माइक धरून माझ्याकडे बघत उभी होती.

ज्यांना हे वाद्य ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. या कीबोर्डच्या पोटात सगळा वाद्यवृंद असतो. स्टार्ट दाबलं की ताल सुरू होतो, डाव्या हातानं सूर धरला की बाकीची वाद्यं त्या सुरामागून येतात, आणि तेच बटण पुन्हा दाबलं की सगळं जागच्या जागी थांबतं. ते बटण मेलं की उरते ती नुसती पेटी. आणि पेटी वाजवणारीला ऑर्केस्ट्रात कोण ठेवणार?

आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाला सगळे भाऊ म्हणत. तो जवळ आला, बटणावर टिचकी मारली आणि म्हणाला, "रविवारी दादरला रिसेप्शन आहे. तोवर हे चालू करून आण. नाय जमलं तर टेन्शन नको घेऊस, मी दुसरा वाजवणारा बघून ठेवलाय."

म्हणजे बटण जायच्या आधीच त्यानं बघून ठेवला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाची एक सवय मला चार वर्षं डाचत होती. कार्यक्रम ठरवायला माणसं आली की तो माझ्या कीबोर्डवरचं डेमोचं बटण दाबायचा. ते दाबलं की कंपनीनं आत भरून ठेवलेलं गाणं आपोआप वाजतं, कुणी बोटही लावायला लागत नाही. मग भाऊ म्हणायचा, "बघा, सगळं मशीन करतं. आमची मुलगी नुसती शोभेला उभी असते." माणसं हसायची. मी गप्प राहायचे, आणि ते गप्प राहणं माझं चुकलंच.

शोभेला मी कधीच उभी नव्हते. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. आमच्या गावकऱ्यांच्या गाळ्यात, म्हणजे गावच्या पुरुषांच्या सामायिक खोलीत, भजनाची पेटी होती. संप लांबला, भजनातले पुरुष एकेक करून कोकणात गेले आणि पेटी कोपऱ्यात पडून राहिली. ती मी उघडली. भात्याला भोक होतं, त्यावर कागद चिकटवला आणि कुणाला न विचारता शिकले. संप मोडला असं लोक म्हणतात. आमच्या घरात तसं म्हणायची सोय नव्हती. "मोडलो म्हणा नको. मागे कोणी घेतलो नाय अजून," असं बाबा ठणकावून सांगायचे, आणि तेव्हा संपाला दहाएक वर्षं होऊन गेली होती.

शुक्रवारी सकाळी मी कीबोर्ड चादरीत गुंडाळून ग्रँट रोडच्या बाजूला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं बटण दोनदा दाबलं आणि सांगून टाकलं, "आतला सर्किटचा बोर्ड गेला. याचा बोर्ड आता येत नाही. भंगारात काढा."

"उघडून तरी बघा," मी म्हटलं.

"उघडून काय करू? रोज बघतो मी."

मी कीबोर्ड पुन्हा चादरीत गुंडाळला. घरी येऊन तो खाटेवर ठेवला आणि आईला सगळं सांगितलं. बाबा भिंतीला टेकून बसले होते. साचेखात्याच्या खडखडाटात त्यांचे कान कधीच गेले होते, त्यामुळे घरात आम्ही ओरडूनच बोलायचो. तरीही मी जे हळू बोलले त्यातला एक शब्द त्यांनी माझ्या ओठांवरून उचलला.

"भंगार कोण म्हणालो?"

तो शब्द त्यांना झोंबणारच होता. स्वतः चालवलेले साचे भंगार म्हणून तोडून, ट्रकवर घालून गिरणीच्या गेटातून बाहेर नेताना त्यांनी रस्त्यावर उभं राहून पाहिले होते. त्यानंतर बाबांनी कुठल्याही मशीनला हात लावला नव्हता. घरातला पंखा अडकला तरी शेजाऱ्याला बोलवा म्हणायचे. आता ते उठले आणि कीबोर्डसमोर येऊन बसले.

"बटण मेला की मशीन मेला, ता आधी सांग."

"त्यात फरक काय बाबा?"

"साचो बंद पडलो की जॉबर पयला ताच विचारी. दुसरीकडून चालता काय बघ."

जॉबर म्हणजे साचेखात्यातला मुकादम, ते मला ठाऊक होतं. पण दुसरीकडून म्हणजे? मग डोक्यात प्रकाश पडला. या वाद्यात ताल सुरू करायची आणखी एक सोय असते. शेजारचं एक बटण दाबून ठेवायचं, मग डाव्या हाताचा सूर लागला की ताल आपोआप धावत येतो. मी तसं केलं आणि ढोलक कडाडला. आई दचकली. बोर्ड ठणठणीत होता! न उघडता त्याला मेलेला ठरवणाऱ्याला मी मनातल्या मनात शेलक्या शिव्या घातल्या. पण हे काही पुरेसं नव्हतं. सुरू असं करता आलं तरी बंद करायला तेच मेलेलं बटण हवं. नवरा-नवरी दारात आली की ढोलक त्या क्षणी थांबायला लागतो.

"खोल," बाबा म्हणाले.

आधी त्यांनी मला वायर काढायला लावली. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर कीबोर्डचा आकार काढला आणि जो स्क्रू जिथून निघाला त्या जागी तो पुठ्ठ्यात खोचला, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला तर प्लॅस्टिक फुटतं. हे त्यांना कुणी सांगायला लागलं नाही. वीस-बावीस स्क्रू निघाले. आम्ही झाकण उचललं आणि आईला पहिली शिंक आली, मग मला, मग बाबांना.

आत सगळं लालभडक होतं. उन्हाळ्यात आई मिरच्या भाजून लालबागच्या डंकावर कुटून आणायची आणि तो मसाला आमच्याच खोलीत जमिनीवर बसून पिशव्यांत भरायची. कीबोर्ड हातभर अंतरावर, खाटेखाली. त्यावर मी मोठ्या काळजीनं माझी ओढणी घालायचे. ओढणीतून काय थांबणार, कपाळ?

आम्ही दोघांनी आईकडे बघितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्याकडे कित्या बघतात? ह्या मसाल्यावरच हो बाजो घरात इलो."

खरंच होतं ते. आखातातून परतलेल्या एका शेजाऱ्याकडून तो आम्ही जुना घेतला तो आईच्या दोन उन्हाळ्यांच्या कष्टावर. बाबा हसायला लागले. "गिरणीत कापूस, घरात मसालो. मशीन दोन्हीकडे तुंबतलाच," म्हणाले आणि त्यांनी रंगाचा बारीक ब्रश मागितला.

ब्रशनं झाडलं. औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणलं, काडीला कापूस गुंडाळून एकेक जागा पुसली. पुन्हा जोडून बघितलं. जी बटणं जड झाली होती ती सगळी हलकी चालायला लागली, आणि स्टार्ट मात्र ढिम्म. मला रडूच आलं. रविवारी भाऊ काय बोलेल, कोणत्या सुरात बोलेल, ते मला तिथं बसल्या बसल्या ऐकू येत होतं. बाबांनी माझ्या रडण्याकडे लक्ष दिलं नाही. ते एकेक बटण उलटं करून खिडकीच्या उजेडात बघत होते.

प्रत्येक बटणाखाली रबराची एक छोटी वाटी असते आणि तिच्या आत काळी टिकली. बटण दाबलं की टिकली खालच्या पट्टीला टेकते आणि मशीनला कळतं. बाकीच्या टिकल्या काळ्या कुळकुळीत होत्या. स्टार्टची झिजून पांढुरकी झाली होती. चार वर्षं, प्रत्येक गाण्याला दोनदा.

"ह्या बिघडूक नाय," बाबा म्हणाले. "ह्या काम करून झिजला." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कुठला बटण तू कधीच दाबणस नाय?"

मला विचार करावा लागला नाही. मी डेमोवर बोट ठेवलं.

अडचण एकच होती. सगळ्या वाट्या एकाच रबरी पट्टीत होत्या. ब्लेडनं दोन कापून अदलाबदल करायची, आणि हात सरकून शेजारची वाटी फाटली तर मग खरंच भंगार. बाबांनी ब्लेड हातात घेतलं, रबरावर टेकवलं आणि थांबले. त्यांनी ब्लेड माझ्यापुढे धरलं. "जेचो साचो, तेचो हात. तूच काप."

मी कापलं. श्वास रोखून, भाऊचं ते 'शोभेला' आठवत कापलं, आणि हात जराही हलला नाही. डेमोची टवटवीत टिकली स्टार्टखाली बसवली, झिजलेली डेमोखाली ठेवली. पुठ्ठ्यावरचे स्क्रू जिथले तिथे गेले. वायर लावून मी बटण दाबलं, अगदी हलक्या बोटानं, आणि ढोलक सुरू झाला. पुन्हा दाबलं, थांबला. बाबांनी कीबोर्डच्या कडेवर तळहात ठेवला होता. त्यांना ताल तिथूनच कळायचा. त्यांनी उजवी मूठ वर करून मनगटातून दोनदा फिरवली. साचेखात्यात आवाज कुणाचा कुणाला पोचत नसे, म्हणून तिथं सगळं खुणांनी बोलायचे. या खुणेचा अर्थ होता, चालू आहे.

रविवारी कीबोर्ड उचलायला बाबा माझ्याबरोबर दादरला आले आणि मागच्या रांगेत खुर्चीवर बसले. स्टेजवर दुसरा वाजवणारा खरंच हजर होता, त्याचा कीबोर्ड पिशवीत होता. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. माझा स्टँड मधोमध उभा केला.

"झालं? कुठं केलंस?" भाऊनं विचारलं.

"घरी."

तो खोचक हसला. बाजूला मुलीकडचे एक गृहस्थ उभे होते, पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे दुसरं लग्न होतं. भाऊचा हात सवयीनं पुढे आला आणि त्यानं डेमो दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बिघडलेलंच आहे हे अजून," आणि दुसऱ्याला पिशवी उघडायची खूण केली.

"बिघडलेलं नाही," मी म्हटलं. माझाही आवाज चार माणसांना ऐकू गेला. "ते बटण मी बंद केलंय. आता हे आपोआप वाजत नाही. मी वाजवलं तरच वाजतं."

आणि मी स्टार्ट दाबलं. ढोलक हॉलभर घुमला, गृहस्थांनी मान डोलवली. दुसऱ्यानं पिशवीची चेन पुन्हा लावली. भाऊ त्याला म्हणाला, "आलायस तर जेवून जा."

मागच्या रांगेत बाबांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी दुरून भुवया उंचावून विचारलं, काय झालं? डावा हात पट्ट्यांवर ठेवून मी उजवा उचलला, मूठ मनगटातून दोनदा फिरवली, आणि पहिलं गाणं सुरू केलं.