खेकड्याची टरफलं

मासळी तळल्याचा वास आला की मला ते बेट आठवतं. अकोल्याहून आम्ही दोघं, नवऱ्याचा मित्र आणि त्याची बायको असे गेलो होतो. रिसॉर्टवर जेवताना खेकडे आले. दर्यापूरला माझ्या सासरच्या घरात अंडंही चालत नाही, पण नवऱ्यानं नांगी दातांनी कडकन फोडली, गर ओढला आणि टरफलं ताटाच्या काठाला ओळीनं लावली. मी विचारलं, "तुमी हे कुठी शिकले जी?" तो म्हणाला, "पाहून पाहून येते, त्यात काय!" पण पाहिलं कोणाचं? मित्र तर अजून खेकडा नुसता उलटापालटा करत होता. त्याच्या बायकोच्या ताटाला मात्र टरफलांची तश्शीच ओळ होती. आजही ती घरी आली की मी तिच्या आणि नवऱ्याच्या समोर संत्री ठेवते आणि साली कशा रचतात ते पाहत बसते.