विरजण लागेना

विरजणबाईंच्या खोलीत पाय ठेवायची साहेबांचीसुद्धा छाती होत नसे. चीजच्या कारखान्यात जिवाणूंची विरजणं त्या सांभाळत, पोटच्या पोरांसारखी. कमी चरबीचं चीज आधी रबरासारखं चिवट, वर कडू निघायचं; फुकट दिलं तरी कुणी तोंड लावेना. तो कडूपणा खाऊन टाकणारं विरजण बाईंनी वर्षानुवर्षं खपून तयार केलं, आणि अख्खा विभाग त्यावर उभा राहिला.

मग एका सकाळी दूध लागलंच नाही. हौदात नुसतं पातळ दूध. जिवाणूंना खाणारा एक विषाणू असतो, तो चीजमधून निथळणाऱ्या निवळीत माजतो. म्हणून निवळीकडच्या माणसानं विरजणखोलीकडे फिरकायचं नाही, हा नियम. बाईंनी साठ्यातून नवं विरजण काढलं. तेही मेलं. पुन्हा काढलं, पुन्हा तेच. साठा तळाला गेला. ज्याच्यामुळे हे होतंय तो त्याच दिवशी बाहेर, असं साहेबांनी बजावलं.

"झाडूवालीच आणतेय," बाईंनी सांगून टाकलं. "दोन्हीकडे तीच फिरते."

"तुमच्या खोलीचा उंबरा मी कधी ओलांडला नाही हो, बाई," ती बिचारी गयावया करत राहिली. ऐकतंय कोण? संध्याकाळी तिला घरी बसवलं.

त्या रविवारी बाई सहज मोरीत डोकावल्या. त्यांचा नवरा कारखान्यात निवळीच्या टाक्या धुतो. गेल्या महिन्यात बाईंचे गुडघे धरल्यापासून घरचे कपडेही तोच धुवायचा, न सांगता, हौसेनं. एकाच टबात, एकाच गार पाण्यात त्याचा कामाचा शर्ट आणि बाईंचा पांढरा कोट पडला होता.

"अहो, हे एकत्र?"

"नवरा-बायकोचेच तर कपडे," तो हसला. "सोवळं पाळू का आता?"

म्हणजे निवळीतला विषाणू बाईंच्याच कोटावरून विरजणखोलीत पोचत होता. बोलावं तर याची नोकरी जाणार, आणि या दमेकरी माणसाला या वयात दुसरं काम कोण देणार? गप्प बसावं तर त्या झाडूवालीचा हकनाक बळी. पण खोटं त्यांच्या घशाखाली उतरेना. उद्या साहेबांना खरं सांगायचं, असं ठरवून त्यांनी कोट वेगळा काढला आणि स्वतः उकळला.

सोमवारी उरलंसुरलं विरजण दुधात पडलं. बाई साहेबांना गाठायला निघाल्या, तर साहेबच लगबगीनं हौदापाशी आले. दूध मस्त लागलं होतं.

"तुमचंच खरं निघालं, बाई. ती गेली नि दूध लागलं." त्यांनी फोन काढला. "बाकीच्या कारखान्यांनाही कळवून ठेवतो. उगीच तिला कुणी कामावर घ्यायला नको."

शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. काचेपलीकडून नवरा हातवारे करून विचारत होता, लागलं का? बाईंनी मान डोलावली, तसा तो लहान पोरासारखा खूश झाला.

"कळवू ना?" साहेबांनी विचारलं.

"कळवा," बाई म्हणाल्या.